हेअर ट्रान्सप्लांटला २० दिवस झाले, लावलेले केस गळायला लागलेत, डोकं बधिर आहे. कुणी यातून गेलंय का?

पिंपरीकर३२

नमस्कार मंडळी. वय ३२, आयटीत आहे, पिंपरी ते हिंजवडी रोज बाईकने. पंचविशीपासून कपाळ मागे सरकत गेलं आणि गेल्या दोन वर्षांत मधला भागपण विरळ झाला, डॉक्टरांच्या भाषेत नॉर्वूड ४ (टक्कल किती वाढलंय ते मोजायची पट्टी). दोन वर्षं पैसे साठवले आणि २० दिवसांपूर्वी एफयूई पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मागून केसांची मुळं एकेक सुटी काढून, २४०० ग्राफ्ट (अशी काढलेली मुळं) पुढे लावून घेतले. घरी आई आणि बायको सोडून कुणाला माहिती नाही, ऑफिसमध्ये महिनाभर घरून काम मागून घेतलंय.

जे जे झालं ते सगळं सांगतो म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. सकाळी ८ ला बसवलं, संध्याकाळी साडेपाचला सोडलं. मागे भूल द्यायची इंजेक्शनं खूप दुखली, डोळ्यातून पाणी आलं, नंतर मात्र काही कळलं नाही, नुसता खरवडल्यासारखा आवाज येत होता. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघतो तर कपाळ फुगून भुवयांवर आलेलं, चौथ्या दिवशी डावा डोळा उघडेना, माझी तीन वर्षांची मुलगी जवळच येईना, आईच्या पदरामागून बघत होती. त्यातच दोन दिवस उचक्या लागल्या त्या थांबेनात, जेवताना झोपताना सारख्या. मग सूज उतरली, दहाव्या-अकराव्या दिवशी खपल्या निघाल्या आणि डोकं एकदम मस्त दिसायला लागलं, बारीक कापलेल्या केसांची सरळ रेघ, मी तर खूश झालो.

आणि आता हे. सोळाव्या दिवशी डोकं धुतलं तर टॉवेलवर बारीक बारीक केस, अर्ध्या सेंटीमीटरचे. काल सकाळी उशीवरचे मोजले तर ४० च्या वर. काहींच्या टोकाला पांढरा ठिपका आहे, मला वाटलं मूळच उपटून आलं, रात्रभर झोपलो नाही. टाळूवर हात ठेवला तर दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं, काही कळतच नाही. मागे जिथून केस काढले तिथे खाज आणि मुंग्या, आणि एका बाजूला पुटकुळ्या आल्यात चार-पाच.

क्लिनिकला व्हॉट्सअॅप केलं तर काउन्सेलर मॅडमचं दरवेळी एकच उत्तर, नॉर्मल आहे सर. डॉक्टर फोनवर येतच नाहीत. ऑपरेशनच्या आधी हेच लोक दिवसातून तीनदा फोन करायचे. आता मला खरंच कळत नाहीये की हे नॉर्मल आहे की माझे सगळे ग्राफ्ट वाया गेले. शिवाय फिनास्टेराईड १ एमजी, केसगळती थांबवायची गोळी, लिहून दिलीय पण मित्राने इतकं घाबरवलंय की पाकीट उघडलं नाही अजून. आणि पुढच्या आठवड्यापासून ऑफिस, म्हणजे हेल्मेट. चार महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे. कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा.

रंकाळाकाठ

भावा, आधी शांत हो. मला १४ महिने झाले, २१०० ग्राफ्ट, आणि तुझी पोस्ट वाचताना मला माझाच तिसरा आठवडा आठवला. गळणार. सगळे नाही तरी बहुतेक गळणार. मला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं, मी बाथरूममध्ये दार लावून बसलो होतो अर्धा तास, बायको बाहेरून हाका मारतीय.

आमच्याकडं भात लावतात ना, तरवा उपटून चिखलात लावला की आठवडाभर शेत पिवळं पडतं, नवीन माणसाला वाटतं मेलं सगळं. पण मूळ धरलं की हिरवं होतं. हे तसंच आहे, फक्त आठवड्याच्या जागी तीन-चार महिने धर.

माझं कसं झालं सांगतो. तिसऱ्या आठवड्यात गळायला सुरू, दोन महिने पूर्ण होईपर्यंत डोकं ऑपरेशनच्या आधी होतं त्यापेक्षा वाईट दिसत होतं, कारण माझे आधीचे जुने केस पण आजूबाजूचे थोडे गळले. हा काळ सगळ्यात अवघड, कुणी फोटो काढला तरी राग यायचा. साडेतीन महिन्यांनी एका सकाळी आंघोळ करताना कपाळाच्या वर बोट फिरवलं तर काहीतरी टोचलं. आरशात जवळ जाऊन बघितलं तर मक्याच्या कणसाच्या केसासारखे, तसेच मऊ आणि फिकट, सात-आठच असतील. मी ते रोज मोजायचो. सहाव्या महिन्यात लोक म्हणायला लागले, तब्येत सुधारली वाटतं, केसाचं कुणाच्या लक्षात येत नव्हतं. नवव्या महिन्यानंतर ते जाड झाले, आधी वाकडेतिकडे कुरळे येत होते ते सरळ झाले. भोवऱ्याकडचा भाग सगळ्यात उशिरा येतो, तिथं माझं अजून भरतंय.

बधिरपणाचं, मला टाळूवर चार महिने राहिला. परत येताना आधी मुंग्या आल्या, मग मधेच सुई टोचल्यासारखी सणक, मग हळूहळू सगळं. माझ्या मामेभावानं पट्टी काढून करतात ती जुनी पद्धत केली होती, एफयूटी, त्याला मागं टाक्यांच्या जागी वर्षभर ताठर वाटायचं आणि तिथं केस बारीक कापले की आडवा व्रण दिसतो. तुझं एफयूई आहे, तुझ्या मागं ठिपके ठिपके असतील, ते केस वाढले की झाकतात.

लग्नाचं म्हणशील तर चार महिन्यांत अपेक्षा ठेवू नको, सुरुवात झालेली असेल एवढंच. फेटा बांधणार असशील तर तोपर्यंत अडचण नाही, कमी घट्ट बांधायला सांग.

आजीचा_बटवा

माझ्या मते कांद्याचा रस आणि खोबरेल तेल कोमट करून लावा रोज रात्री, आमच्या घरात सगळ्यांना फायदा झालाय, पुटकुळ्यांवर हळद लावा. गोळ्याबिळ्या नको.

स्किनओपीडी_सोलापूर

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो, ट्रान्सप्लांट मी स्वतः करत नाही पण झालेले पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. आधी वरच्या ताईंना, रागावू नका पण नुकत्याच भरलेल्या जखमांवर कांद्याचा रस, हळद, गरम तेल यातलं काहीही लावू नका. कांद्याने कातडी भाजल्यासारखी होते आणि तेलाने रोमछिद्रं बुजून आहेत त्या पुटकुळ्या वाढतात.

पिंपरीकर, तुम्ही ज्याला मूळ समजताय ते मूळ नाही. केस जेव्हा विश्रांतीत जातो तेव्हा त्याच्या तळाला पांढरट गाठ तयार होते, रोज सगळ्यांच्या गळणाऱ्या केसांना ती असते, फणीतला एक केस उजेडात धरून बघा. केस उगवणारा कारखाना कातडीच्या आत चार-पाच मिलिमीटर खोल असतो आणि तो जागेवर आहे. ग्राफ्ट खरोखर उपटला गेला असता तर तिथून रक्त आलं असतं, आणि ती भीती साधारण पहिल्या दहा दिवसांचीच असते, त्यानंतर ग्राफ्ट धरलेला असतो. मागून काढून पुढे लावेपर्यंत त्या मुळाला काही तास रक्तपुरवठा नव्हता, त्या धक्क्याने ते केस टाकून देतं आणि झोपतं. याला शॉक लॉस म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सहा-आठ आठवड्यांपर्यंत चालतो.

सुजेचं पण सांगतो कारण अनेक जण घाबरून रात्री-बेरात्री फोन करतात. भूल देताना औषधासोबत बरंच पाणी डोक्याच्या कातडीखाली सोडलेलं असतं. ते उतारावरून खाली येतं, आधी कपाळ मग पापण्या, म्हणून तिसरा-चौथा दिवस सगळ्यात वाईट. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपलं की कमी येते. उचक्यासुद्धा काही पेशंटना लागतात, एक-दोन दिवसांत जातात, फार त्रास झाला तर त्यावर औषध आहे.

बधिरपणा म्हणजे कातडीतल्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात, त्या वाढायला वेळ घेतात. आठवडे ते काही महिने. या काळात डोक्यावर गरम ड्रायर, खूप गरम पाणी, भर उन्हात उघडं डोकं हे टाळा, कारण भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही. असा एक पेशंट मी बघितलाय, ड्रायरने फोड आला होता आणि त्याला संध्याकाळी बायकोने सांगितलं.

पुटकुळ्या मात्र दाखवून घ्या, फोटोवर नाही, प्रत्यक्ष. चार-पाच असतील तर बहुधा नवीन केस वर येताना किंवा मागे कापलेला केस आत वळून झालेली साधी सूज असेल, कोमट पाण्याचा शेक आणि लावायचं औषध पुरतं. पण संख्या वाढत असेल, पू येत असेल, आजूबाजूला लाल होऊन गरम लागत असेल, ताप असेल, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल किंवा लावलेल्या जागी कातडी काळी पडताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुणी कितीही नॉर्मल म्हटलं तरी.

आता फिनास्टेराईड. ही गोळी टक्कलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झाली. कंपनीच्याच चाचण्यांमध्ये शंभरातल्या साधारण चार पुरुषांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास नोंदले गेले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये ते प्रमाण शंभरात दोन होतं. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, काही थोड्यांनी त्रास पुढेही राहिल्याचं सांगितलंय. मन उदास होणं, नको ते विचार येणं हाही नोंदलेला परिणाम आहे, २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने त्याबद्दल स्पष्ट इशारा दिलाय, त्यामुळे आधी डिप्रेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना सांगाच. दुसरी बाजू अशी की लावलेले केस मागच्या भागातले आहेत म्हणून टिकतील, पण मधले तुमचे मूळचे केस डीएचटी या हार्मोनमुळे गळत राहणारच, त्यांना हे औषध नसेल तर पाच वर्षांनी पुढे लावलेली रांग आणि मागे मोकळी जागा असं दिसू शकतं. घ्यायची की नाही हा निर्णय तुमचा, मित्राचा नाही. समोर बसून डॉक्टरांशी बोला. अजून मूल हवं असेल तर तेही सांगा. आणि तुटलेल्या गोळ्या गरोदर बाईने हाताळायच्या नसतात हे घरात सांगून ठेवा.

हेल्मेट न घालता गाडी चालवायची हा पर्याय नाहीच, तेव्हा अजून आठवडा-दोन आठवडे गाडीच नको, बसने किंवा कंपनीच्या कॅबने जा. नंतर आत स्वच्छ सुती कापड, हेल्मेट जरा सैल, आणि घालताना-काढताना घासत नाही, सरळ वर उचलून.

नाशिकची_सिस्टर

डॉक्टरांनी शेवटी काळी पडणारी कातडी म्हटलंय त्यावर मला लिहायचंच आहे कारण ते आमच्या घरात झालंय. मी नर्स आहे, तरी माझ्या दिराने मला न सांगता केलं. वय ४१, शुगर आहे, सिगारेट दिवसाला दहा तरी. तिथे फॉर्मवर शुगर नाही असं लिहिलं कारण त्याला वाटलं नाहीतर करणार नाहीत. आणि त्या लोकांनी एक साधी रक्त तपासणीसुद्धा केली नाही. डॉक्टर सकाळी येऊन पेनने कपाळावर रेघ मारून गेले, बाकी सगळं, भूल देण्यापासून छिद्रं पाडण्यापर्यंत, तिथल्या मुलांनी केलं. एका बैठकीत ३२०० ग्राफ्ट, पुढे अगदी दाटीने, त्यानेच तसं मागितलं होतं.

चौथ्या दिवशी मी बघितलं तेव्हा मधोमध जागा राखाडी दिसत होती, बाकी सगळीकडे लाल खपल्या आणि तिथे राखाडी. मी म्हटलं ताबडतोब जाऊ, तर तिकडून निरोप आला की खपली आहे, पडेल. बाराव्या दिवशी बाकीच्या खपल्या गेल्या आणि ही राहिली, रुपयाच्या नाण्याएवढी, काळी, चामड्यासारखी टणक, कडेने पिवळं पाणी आणि वास. ओळखीच्या प्लास्टिक सर्जनकडे नेलं, त्यांनी बघता क्षणी सांगितलं कातडी मेलीये. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) केलं तर ९ च्या वर. मेलेली कातडी काढली, अडीच महिने मी स्वतः एक दिवसाआड ड्रेसिंग केलं. खाली हाड दिसेल की काय या भीतीने सासूबाई खोलीत यायच्या नाहीत. आज तिथे गुळगुळीत व्रण आहे, त्यावर केस येणार नाही.

सर्जननी नंतर समजावलं, कातडीत एवढी छिद्रं एकमेकाला चिकटून पाडली की आधीच कमी असलेला रक्तपुरवठा तुटतो, त्यात निकोटिनने रक्तवाहिन्या आकसलेल्या, शुगरने जखम भरत नाही. हे फार कमी जणांना होतं, मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये पिंपरीकर, तुमच्या वर्णनात असं काही दिसत नाही. पण अजून ज्यांनी केलं नाही आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी लिहितेय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यात सरळ म्हटलंय की हे शिक्षण घेतलेल्या प्लास्टिक सर्जनने किंवा शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने करायचं, वर्कशॉप बघून किंवा यूट्यूब बघून सुरू करायचं नाही. तरी गल्लोगल्ली बोर्ड आहेत. २०१९ ला मुंबईत एका व्यावसायिकाचा यानंतर दोन दिवसांत जीव गेला, एका बैठकीत नऊ हजारांच्या वर ग्राफ्ट अशी बातमी होती. २०२५ ला कानपूरच्या दोन इंजिनिअरांचा यानंतर जीव गेल्याची बातमी आली. छिद्र कोण पाडणार, भूल कोण देणार, अॅलर्जी आली तर अॅड्रिनालिन आणि ऑक्सिजन खोलीत आहे का, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका. आणि शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, दमा, काहीही लपवू नका हो.

दुबईत_मालवणी

मी दोन वर्षांमागे इस्तंबूलला जाऊन केलं, हॉटेल, एअरपोर्टवरून ने-आण, पीआरपी (आपल्याच रक्तातून काढून डोक्यात द्यायची इंजेक्शनं) सगळं पॅकेजमध्ये. पुढचे केस छान आलेत, ते खोटं बोलणार नाही. पण मागचं बघा. ४००० च्या वर काढले आणि एकाच पट्ट्यातून काढले, आता मागचा भाग कसर लागलेल्या शालीसारखा दिसतो, न्हावी विचारतो काय झालं. मागचे केस एकदा काढले की तिथे परत येत नाहीत, ती शिल्लक आयुष्यभर पुरवायची असते हे मला नंतर कळलं. आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसलो, आठवड्याने पू झाला तेव्हा इथे कुणी डॉक्टर हात लावायला तयार नाही, म्हणे जिथे केलं तिथे जा. म्हणून ज्या गावात राहता तिथेच करा, वर्षभर दाखवायला जाता येईल असं.

पिंपरीकर३२

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सिस्टर ताई, तुमचं वाचून मी बायकोला मोबाईलच्या टॉर्चने सगळं डोकं तपासायला लावलं, राखाडी काळं कुठेच नाही. क्लिनिकला मेसेज करणं बंद केलं आणि सरळ जाऊन बसलो, दोन तास बसलो पण डॉक्टरांना भेटूनच उठलो. त्यांनी भिंगाच्या यंत्रातून बघितलं, पुटकुळ्यांपैकी दोनच्यात आत वळलेला केस होता तो सुईने सोडवला, बाकीच्यांवर लावायचं औषध दहा दिवस. गळण्याबद्दल अगदी स्किनओपीडी डॉक्टरांनी लिहिलंय तेच म्हणाले. फिनास्टेराईडचं मी त्यांच्याशी बोललो, आम्हाला दुसरं मूल हवंय तर सध्या गोळी नाही, मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध पुढच्या महिन्यापासून, आणि सहा महिन्यांनी परत विचार. सुरुवातीला त्यानेसुद्धा थोडे गळतात म्हणे, ते आधीच सांगितलं हे बरं झालं.

कंपनीची बस लावलीये.

पिंपरीकर३२

अपडेट. ४ महिने ६ दिवस. दोन महिने खरंच वाईट होते, रंकाळाकाठ दादा म्हणाला तसंच, मधला जुना भागपण पातळ झाला, टोपीशिवाय खाली दूध आणायलापण जात नव्हतो. दादा, तुला मध्ये दोनदा मेसेज केला रात्री, तू उत्तर दिलंस, ते मी विसरणार नाही.

परवा मुलगी खांद्यावर बसली होती, डोक्यावरून हात फिरवत म्हणाली बाबा टोचतंय. डाव्या बाजूला आलेत, उजेडात तिरकं बघितलं तर दिसतात, अगदी मक्याच्या केसासारखेच. उजवीकडे अजून फारसं काही नाही. बधिरपणा टाळूवर एका जागी राहिलाय, बाकी सगळीकडे कळतं. बहिणीचं लग्न परवा आहे, फेटा सैल बांधायला सांगितलाय. २२ तारखेला डॉक्टरांकडे जायचंय, उजव्या बाजूचं विचारतो आणि इथे लिहितो.

रंकाळाकाठ

माझी पण उजवी बाजू महिनाभर मागं होती भावा. बहिणीला शुभेच्छा सांग.